धार टिकते, पातं तुटतं

गेल्या दिवाळीत आसगावला गेलो होतो. आसगाव म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं, पवनी तालुक्यातलं आमचं गाव. नातेवाईक मंडळींना हे सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगितलेलं बरं, कारण गोव्यातही एक आसगाव आहे आणि लोक लगेच समुद्राबद्दल विचारतात. आमच्याकडे समुद्र नाही. वैनगंगा आहे, धानाच्या बांध्या आहेत, आणि काकांचं किराणा दुकान आहे.

तर काकांचं दुकान. घराच्या ओसरीतच आहे. आठवड्यातून दोनदा माल येतो आणि सकाळभर पुठ्ठ्याची खोकी फोडण्याचा कार्यक्रम चालतो. साबण, बिस्किटं, तेलाच्या पिशव्या, काडेपेट्या. हातात कटर घेतला की काका कुणाला मध्ये येऊ देत नाहीत. "तुमचं काम नाही हे," म्हणतात. आणि ज्याचं काम होतं त्याचाच हात कापला गेला, ही या गोष्टीची सुरुवात.

काकांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. बोटांची संवेदना बरीच कमी झाली आहे. दोन वर्षांपूर्वी खोक्यावरची प्लास्टिकची पट्टी कापताना साध्या स्टीलच्या कटरचं पातं सटकलं आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल गेलं. त्यांना कळलंच नाही. पुठ्ठ्यावर लाल डाग दिसला तेव्हा त्यांना वाटलं, कुंकवाची पुडी फुटली. ती जखम भरायला अडीच महिने लागले. मधे एकदा तर डॉक्टर अंगठ्याबद्दल वेगळंच काही बोलले होते. ते वाक्य काकूंनी अजून पूर्ण उच्चारलेलं नाही.

माझा पुतण्या भिवंडीला एका गोदामात काम करतो. तिथे दिवसाला शेकडो खोकी फुटतात. त्याने काकांसाठी एक कटर आणला, पांढऱ्या पात्याचा. चिनी मातीच्या कपासारखं पांढरं. पात्याचं टोक गोल, धार अशी की बोट फिरवलं तर कापत नाही, पण पुठ्ठ्यावर ओढलं की सरळ चीर. म्हणाला, "हे सिरॅमिक आहे आजोबा, वर्षभर धार जात नाही." बनवणाऱ्यांच्या जाहिरातींत तर स्टीलच्या दहा-अकरा पट टिकतं असं लिहिलेलं असतं.

काकांना आधी विश्वास वाटला नाही. मग हळूहळू वाटू लागला. चार महिने त्यांनी त्याच पात्यावर सगळी खोकी फोडली, आणि धार खरोखर पहिल्या दिवसासारखी. काकू निर्धास्त झाल्या. आणि पाचव्या महिन्यात डालड्याच्या डब्याचं झाकण उचकटायला काकांनी तेच पातं झाकणाखाली घातलं आणि वर दाबलं.

टक्.

वाकलं नाही, दबलं नाही, आधी काही इशारा दिला नाही. दोन तुकडे. मी दिवाळीला पोचलो तेव्हा ते दोन तुकडे गल्ल्यात जपून ठेवलेले होते. काकांनी माझ्यासमोर धरले आणि विचारलं, "काहून तुटलं हे? धार तं अजून तशीच आहे. लोहाराकडं नेलं तं जमन का?"

लोहाराकडे नेऊन जमणार नाही, एवढं मी सांगितलं. पण "काहून तुटलं" याचं उत्तर मला धड देता आलं नाही. परत आल्यावर बरंच वाचलं. ते उत्तर इथे लिहून ठेवतो आहे. काका स्वतः हे वाचणार नाहीत, पण चुलत बहीण त्यांना वाचून दाखवेल.

पहिली गोष्ट. आपण "टिकाऊ" हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. धार टिकणं वेगळं आणि पातं टिकणं वेगळं. धार जाते ती झिजून. पुठ्ठा आपल्याला मऊ वाटतो, पण त्याच्या लगद्यात माती, चुना आणि वाळूचे बारीक कण असतात. पुठ्ठा कापणं म्हणजे पात्याला अतिशय बारीक पॉलिशपेपरवरून ओढणं. इथे जो पदार्थ जास्त कठीण तो जिंकतो. खनिजांचा कठीणपणा मोजायची जी मोह्ज नावाची पट्टी आहे, तिच्यावर कटरचं स्टील साधारण सहाच्या आसपास येतं, वाळूतलं क्वार्ट्झ सातावर, आणि हे पांढरं पातं ज्याचं असतं ते झिर्कोनिया आठाच्याही वर. म्हणजे वाळूचा कण स्टीलला ओरखडतो, झिर्कोनियाला नाही. पुतण्या खोटं बोलला नव्हता.

इंग्लंडात शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचं जुनं गाव. तिथल्या कटलरी संशोधन संस्थेने धार किती टिकते ते मोजायचं एक यंत्र बनवलं आहे. त्यात मुद्दाम वाळू मिसळलेल्या कागदी कार्डांच्या गठ्ठ्यावर पातं मागेपुढे फिरवतात आणि किती खोल कापलं ते मोजतात. चाचणी चांगली आहे. पण तिथे पातं सरळ जातं, सरळ येतं. डालड्याच्या डब्याचं झाकण त्या यंत्रात नसतं.

पातं तुटतं ते वेगळ्या कारणाने. स्टीलवर आडवा जोर आला की त्याचे आतले थर एकमेकांवरून थोडे सरकतात. म्हणून ते आधी वाकतं, मग तुटतं. सिरॅमिकमधले अणू असे घट्ट बांधलेले असतात की ते सरकूच शकत नाहीत. ह्या घट्टपणामुळेच ते इतकं कठीण असतं, आणि ह्याच घट्टपणामुळे एक बारीक चीर पडली की ती अडायचं नाव घेत नाही. म्हणजे धार टिकायचं जे कारण, तेच पातं तुटायचं कारण. काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत द्यायचं तर हेच.

पण मला जास्त मौज वाटली ती पुढची. हा सौदा माणसाने पहिल्यांदा केलेला नाही. आपल्याच महाराष्ट्रात तो तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला आहे.

पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 ते 1983 अशी तब्बल पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती निघाली. त्यांच्याकडे तांबं होतं, पण थोडं आणि मोलाचं. रोजचं कापणं-सोलणं चालायचं ते दगडाच्या पात्यांवर. कॅल्सेडनी म्हणून गारगोटीच्याच कुळातला एक दगड आहे, दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत सापडतो. त्याच्या गाठीवर नेमक्या जागी दाब दिला की लांबट, दोन्ही कडा समांतर असलेली पाती सुटतात. ती उत्खननात ढिगाने मिळाली आहेत. बोटाएवढी, काही त्याहून लहान.

ही पाती कशी वापरत असतील? लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्याला खाच करून, त्यात डिंकाने ओळीने चिकटवून, असं मानतात. एक तुकडा मोडला की तेवढाच काढायचा, दुसरा बसवायचा. दगड कठीण, त्याची धार काचेसारखी, पण ठिसूळ. तेव्हा मोडणार हे गृहीत धरूनच अवजार बनवलेलं. दांडा कायमचा, पातं तात्पुरतं. आजच्या कटरची कल्पना हीच आहे की नाही सांगा!

मग लोखंड आलं. आणि इथे विदर्भाचं नाव मोठं आहे, हे शाळेत आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. नागपूरजवळ माहुरझरी, पारशिवनी तालुक्यात नैकुंड, अशा ठिकाणी मोठमोठे दगड वर्तुळात मांडलेल्या दफनभूमी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या. डॉ. शां. भा. देव यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात त्या खणल्या. (ह्याच देवांनी जगत्पती जोशींबरोबर 1969-70 मध्ये आमच्या पवनीचा जगन्नाथ टेकडीचा स्तूप उजेडात आणला. तालुक्याच्या गावाला जाताना आम्ही लहानपणी ती टेकडी नुसतीच टेकडी म्हणून बघायचो.) ह्या शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या, खंजीर मिळाले. काही कुऱ्हाडींना दांड्याशी बांधायला आडव्या लोखंडी पट्ट्या आहेत. नैकुंडला तर लोखंड गाळायची मातीची भट्टीच सापडली, इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमाराची.

आता गंमत बघा. सुरुवातीचं हे लोखंड धारेच्या बाबतीत दगडाहून सरस होतं का? नव्हतं. भट्टीतून निघालेलं साधं लोखंड मऊ असतं. ताज्या फोडलेल्या कॅल्सेडनीची धार त्याहून तीक्ष्ण. तरीही लोकांनी दगड सोडला. दगडाचं पातं मोडलं की संपलं. लोखंडाचं बोथट झालं तर घासता येतं, वाकलं तर ठोकून सरळ करता येतं, तुटलं तर तापवून जोडता येतं, आणि अगदीच वाया गेलं तर त्याची दुसरी वस्तू होते. लोकांनी जास्त टिकणारी धार सोडून दुरुस्त होणारं पातं निवडलं. माझ्या मते ही फार शहाणी निवड होती, आणि पुढची अडीच हजार वर्षं आपली सगळी खेडी तिच्यावर चालली.

आसगावात मी लहान असताना लोहाराचं दुकान म्हणजे भाता, ऐरण आणि मागे ट्रकच्या कमानीचे जुने पाटे. धानाची कापणी आली की घराघरांतले विळे तिथे जमायचे. पावश्याही. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी, पावशी म्हणजे तुमची विळी.) लोहार विळा लाल करून ठोकायचा आणि मग पाण्यात बुडवायचा. चर्र आवाज व्हायचा आणि आम्ही पोरं खूश. ह्याला "पाणी देणं" म्हणतात. पाणीदार तलवार हा शब्द तिथूनच आला असणार. पण पाणी दिलेलं पोलाद नुसतं तसंच ठेवलं तर काचेसारखं तडकतं. म्हणून तो ते परत जरासं तापवायचा आणि रंग बघायचा. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कोणत्या रंगावर थांबायचं ते त्या वस्तूच्या कामावर. पिवळ्यावर थांबलं तर कठीण, निळ्यापर्यंत नेलं तर चिवट. म्हणजे कठीणपणा आणि चिवटपणा यांच्यातला हा सौदा लोहार रोज डोळ्यांनी करायचा, आणि गिऱ्हाईक बघून करायचा. कोण विळा जपून वापरतो आणि कोण त्यानेच खुंट्या तोडतो, हे त्याला माहीत असायचं.

डालड्याचं झाकण कोण उघडतो, हे पांढरं पातं बनवणाऱ्याला माहीत नव्हतं. एवढाच फरक.

मग आपण दुरुस्तीकडून पुन्हा फेकण्याकडे कसे आलो? दाढीच्या पात्यांपासून. किंग जिलेटचं वापरा आणि टाका जातीचं पातं 1903 मध्ये बाजारात आलं. कटरच्या बाबतीत 1956 साल महत्त्वाचं. जपानात ओसाकाला योशिओ ओकादा नावाचा माणूस कागदाच्या छपाईच्या कामात होता. कागद कापून पाती सारखी बोथट व्हायची. चांभार लोक काचेचा तुकडा कामाला वापरतात आणि बोथट झाला की कडा मोडून नवी धार काढतात, हे त्याने पाहिलेलं. आणि चॉकलेटची वडी खाचेवर मोडते, हेही. दोन्ही जोडून त्याने खाचा पाडलेलं पातं केलं. टोक बोथट झालं की मोडा, मागचा तुकडा पुढे सरकवा. आज गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो कटर हाच. बघा, पुन्हा इनामगाव! तुकड्या-तुकड्यांची धार, मोडणं आधीच हिशेबात धरलेलं. फक्त दगडाच्या जागी स्टील.

आणि झिर्कोनियाने दगडही परत आणला. मार्टिन क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला 1789 मध्ये सिलोनहून आलेल्या एका रत्नखड्यात झिर्कोनिया सापडलं. ज्या खनिजात ते असतं ते झिरकॉन केरळ आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतही आहे. पण जवळजवळ दोनशे वर्षं त्याचं पातं कोणी करू शकलं नाही, कारण शुद्ध झिर्कोनिया भट्टीतून काढून थंड केलं की फुगतं आणि आपोआप तडकतं. उपाय निघाला तो असा की त्यात थोडं यिट्रियम ऑक्साइड मिसळायचं, म्हणजे त्याचे स्फटिक न फुगता दबा धरून बसतात. मग एखादी चीर त्यांच्याजवळ पोचली की ते तेवढ्याच जागी फुगतात आणि चिरेला दोन्ही बाजूंनी दाबून बंद करायला बघतात. जो दोष होता तोच पहारेकरी झाला. ऑस्ट्रेलियातल्या तिघा संशोधकांनी 1975 मध्ये हे मांडलं तेव्हा निबंधाला नाव दिलं होतं "सिरॅमिक पोलाद?". ते प्रश्नचिन्ह मला फार आवडलं. 1984 च्या सुमाराला क्योटोच्या क्योसेरा कंपनीने झिर्कोनियाच्या सुऱ्या बाजारात आणल्या, आणि पुढे ते पातं कटरमध्ये आलं. काकांच्या दाढेवर जी पांढरी कॅप आहे तीसुद्धा बहुतेक याच पदार्थाची. म्हणजे हे पातं तुटायच्या आधीपासून तो पदार्थ घरात होताच, रोज सुपारी फोडत!

तरी प्रश्नचिन्ह काढायची वेळ अजून आलेली नाही. 2001 मध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियेत बसवलेल्या झिर्कोनियाच्या गोळ्या रुग्णांच्या शरीरात फुटू लागल्या आणि त्या परत मागवाव्या लागल्या. भाजण्याची भट्टी बदलली होती, एवढंच कारण. पहारेकऱ्याला एक मर्यादा असते. ती ओलांडली की सिरॅमिक शेवटी सिरॅमिकच.

इथवर आलो आणि मला वाटलं, चला, निकाल लागला. दुरुस्त होणारं ते शहाणपणाचं, न होणारं ते भपक्याचं. लेखाला शेवटही छान मिळत होता. लोहार, ऐरण, जुने दिवस वगैरे. काकांना फोन करून म्हटलं, "काका, तुम्ही स्टीलचंच वापरा. घासता तरी येतं."

काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अंगठा घासता येते का?"

मी गप्प बसलो.

खरं आहे. मी पात्याचा इतिहास बघत होतो, हाताचा बघत नव्हतो. विळ्याने बोटं कापली गेलेली कितीतरी माणसं मी त्याच लोहाराच्या दुकानात बसलेली पाहिली आहेत. तेव्हा आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. हळद दाबायची आणि पुन्हा बांधीत उतरायचं. लोखंड दुरुस्त व्हायचं, ह्याचं कौतुक करताना त्याने कापलेल्या बोटांचा हिशेब कोणी ठेवला नाही. बधिर बोटांच्या माणसाला पातं तुटलेलं परवडतं. ती नुकसानी गल्ल्यातून भरता येते. दुसरी भरता येत नाही.

आणि लोहाराचंही ऐका. दिवाळीत गेलो तेव्हा भाता बंद होता. धान हार्वेस्टरने कापतात आता, विळे येतात ते मोजकेच. मुलगा वेल्डिंग करतो, गेट आणि खिडक्या. म्हणजे मी ज्या दुरुस्तीच्या भरवशावर काकांना स्टीलचा सल्ला देत होतो, ती दुरुस्ती गावात उरलेली नाही. स्टीलची पातीही काका घासत नव्हतेच. दहाचं पाकीट आणून बोथट झालेली उकिरड्यावर टाकत होते. आणि उकिरड्यावर गुरं फिरतात.

तेव्हा नवं पांढरं पातं मागवलं आहे. एक पातं स्टीलच्या अख्ख्या पाकिटाहून महाग, पण मागवलं. सोबत पुतण्याने त्याच्या गोदामातले नियम कागदावर लिहून पाठवले आहेत. उचकटायचं नाही, पिळायचं नाही, खोक्याला लोखंडी पिना असतील तर आधी त्या काढायच्या, फरशीवर पाडायचं नाही. काकांनी तो कागद वाचला म्हणे आणि बाजूला ठेवला. मग एक जुना स्क्रू-ड्रायव्हर शोधून काढला आणि सुतळीने कटरच्या शेजारीच खिळ्याला टांगला. झाकणांसाठी.

कागदापेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

जुन्या पात्याचे दोन तुकडे मात्र त्यांनी अजून टाकलेले नाहीत. चुलत बहीण सांगत होती, मोठ्या तुकड्याने ते अधूनमधून पेन्सिलीला टोक काढतात. धार तशीच आहे.